दाताचा विमा आणि विम्याचे दात



ऊस बिलाचा हप्ता बँकेत जमा झाला की आठ दिवसांत गावात दोन प्रकारची पाहुणेमंडळी वाढतात. एक जुन्या ट्रॅक्टरचा सौदा घेऊन येणारी आणि दुसरी विम्याची वही घेऊन येणारी. ट्रॅक्टरवाल्याला आपण बॉनेट उघडायला लावतो, इंजिन सुरू करायला लावतो, टायर लाथाडून बघतो. विमावाल्याची वही मात्र न उघडता सही करतो. अलीकडे या मंडळींच्या बोलण्यात एक नवे वाक्य आले आहे, "आणि हो, यात दातसुद्धा बसतात." गेल्या दोन हंगामांत आमच्या शेतकी खात्याच्या गट ऑफिसात या एका वाक्यापायी भांडत आलेले सभासद आम्ही पाहिले. विमा हा आमचा विषय नव्हे. आमचा विषय ऊस. परंतु कपातीच्या संमतीपत्रावर सही घ्यायला आमचेच फिल्डमन पुढे असतात, तेव्हा ज्यासाठी पैसे कापले जातात ते काय आहे हे सांगणेही आम्हाला भाग आहे.

प्रथम मुद्द्याचे. आपल्याकडे जो सर्वसाधारण आरोग्य विमा मिळतो, ज्याला १९८६ पासून लोक मेडिक्लेम म्हणत आले, तो दवाखान्याचा विमा नाही. तो रुग्णालयात दाखल होण्याचा विमा आहे. हा फरक ज्याला कळला त्याला निम्मा विमा कळला. दाढ किडली, रूट कॅनाल केले, कॅप बसवली, कवळी केली, दात साफ करून घेतले, ही सारी कामे खुर्चीवर बसून होतात आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. विम्याच्या भाषेत ही ओपीडी झाली, आणि ओपीडी नेहमीच्या पॉलिसीत नसते. शिवाय विम्याच्या नियमांत रुग्णालय कशाला म्हणायचे याचीही व्याख्या आहे: एकतर कायद्याने रुग्णालय म्हणून नोंदलेले, नाहीतर १० लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, रात्रंदिवस परिचारिका आणि डॉक्टर, स्वतःचे शस्त्रक्रियागृह. तालुक्याच्या पेठेतला एका खुर्चीचा दातांचा दवाखाना यात कसा बसणार? डॉक्टर कितीही चांगला असो, बिल पक्के असो, क्लेम तिथेच संपतो.

मग "दात बसतात" हे वाक्य सपशेल खोटे आहे काय? तसेही नाही, आणि घोळ इथेच आहे. बहुतेक पॉलिसींत दंतोपचार वगळलेले असतात, पण अपघाताने झालेली इजा आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, एवढा अपवाद ठेवलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांसाठी एकाच नमुन्याची 'आरोग्य संजीवनी' नावाची पॉलिसी आली, तिच्यात तर रोग किंवा इजा यामुळे आवश्यक झालेला दंतोपचार असे शब्द आहेत. एजंट बोट ठेवून दाखवतो तो हाच शब्द. पण हे वाक्य कोणत्या कलमाखाली आहे ते तो दाखवत नाही. ते आहे रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या कलमाखाली. म्हणजे आधी दाखल होणे आले, मग दात. किडलेल्या दाढेसाठी कोण दाखल होतो? लाखात एखादा, ज्याचा गळू गळ्यापर्यंत उतरला आणि श्वास कोंडला, तो. चोवीस तासांच्या आत घरी सोडतात अशा काही शस्त्रक्रिया 'डे केअर' म्हणून चालतात हे खरे, परंतु ज्या कामाला पूर्वी चोवीस तास दाखल राहावे लागत असे आणि आता नव्या तंत्राने राहावे लागत नाही, असेच काम त्यात येते. ओपीडीचे काम डे केअर होत नाही.

आता कारणाचा भाग. ऊस जळाला तर आपण काय करतो? आग कशाने लागली याचा आधी पंचनामा. विजेच्या तारा एकमेकींना घासून ठिणगी पडली तर एक वाट, पाचट पेटवताना बांधावरून आग आली तर दुसरी वाट. ऊस दोन्हीकडे सारखाच काळा झालेला असतो. पैसा मात्र कारणावर ठरतो. दाताचे असेच आहे. समोरचे तीन दात पडले ही गोष्ट एकच, पण बैलाने शिंग मारल्याने पडले की हिरड्या सडून पडले, यावर क्लेम उभा राहतो किंवा आडवा होतो. आणि हे कारण ठरते कुठे? कंपनीच्या ऑफिसात नव्हे. ते ठरते पहिल्या केसपेपरवर, पहिल्या तासात, जेव्हा डॉक्टर विचारतो "काय झालं?" आणि सोबतचा माणूस घाबरून काहीतरी सांगतो.

आपल्या धंद्यात तोंडाला मार बसण्याचे प्रसंग थोडे नाहीत. जुन्या डिझेल इंजिनाचे हँडल उलटे फिरून हनुवटीवर बसते. रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळते. (ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा म्हणून आम्ही दर हंगामाला ओरडतो, त्याविषयी पुन्हा कधी.) ट्रॉलीवर मोळ्या रचताना वरून माणूस कोसळतो. अशा वेळी जबडा मोडला तर दाखल व्हावेच लागते, तार बांधावी लागते किंवा धातूची पट्टी बसवावी लागते. हा क्लेम शंभर टक्के न्याय्य आहे. तरीही तो अडतो.

एका सभासदाचे उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. इंजिनाच्या हँडलने त्यांचा जबडा मोडला. रात्रीची वेळ, दुखणे भयंकर. पहिल्या दवाखान्यात मुलाने सांगितले, "दात दुखतोय, सूज आलीय." केसपेपरवर तेच उतरले. दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तिथल्या कागदावर मार लागल्याची नोंद झाली. कंपनीने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारले, यातले खरे कोणते? पहिल्या डॉक्टरांकडून खुलासा, क्ष-किरण फोटोवरची तारीख, शेजाऱ्यांचे जबाब, हे सारे जमवेपर्यंत पाच महिने गेले. पैसे मिळाले, पण तोवर त्यांचे सोसायटीचे व्याज चढले ते चढलेच.

तेव्हा मार लागला असेल तर पहिल्याच केसपेपरवर तीन गोष्टी उतरल्या पाहिजेत: कधी, कुठे, कशाने. उपचार सुरू होण्यापूर्वीचा जबड्याचा क्ष-किरण फोटो जपून ठेवावा. एकदा पट्टी बसली की मोडलेले हाड परत दाखवता येत नाही. वाहनाचा अपघात असेल तर पोलिसांत नोंद हवीच, "गावातलंच आहे, मिटवून टाकू" हा शहाणपणा क्लेमच्या वेळी अंगलट येतो. आणि खोटे काही लिहवून घेऊ नये. किडलेल्या दाताला "पडून लागला" असे लिहून देणारा डॉक्टर भेटतो म्हणे. दंतवैद्याच्या फोटोत जुनी कीड आणि नवा मार वेगवेगळे दिसतात, हे कंपनीचा डॉक्टरही जाणतो. खोटेपणा सापडला तर तो क्लेम जातोच, पुढे सबंध पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि मग खऱ्या हृदयविकाराच्या वेळी माणूस उघड्यावर पडतो.

सभासदाला यात नवल वाटू नये. लागणीची नोंद आपण काय म्हणून करतो? जुलैची आडसाली लागण नोंदवहीत सप्टेंबरची पडली तर तोड महिना-दोन महिने मागे जाते. मग शेतात ऊस कितीही तयार असो, तोडणीचा प्रोग्रॅम नोंदीप्रमाणेच निघतो. कागद आधी, ऊस मागून. हे आपल्याला पटत नसले तरी चांगले माहीत आहे.

आता पैसे हातात कसे येतात ते पाहू. वाट दोन. पहिली कॅशलेस, म्हणजे कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयात गेल्यास बिल कंपनी परस्पर देते. मधला व्यवहार बहुधा टीपीए नावाची संस्था पाहते. कागद तपासणे, मंजुरी कळवणे हे तिचे काम. पैसा तिचा नसतो. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर ४८ तास आधी आणि तातडीची असेल तर दाखल झाल्यापासून २४ तासांत कळवावे, असा आरोग्य संजीवनीचा दंडक आहे. विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले आहे की कॅशलेसची विनंती आल्यावर एका तासात निर्णय द्यायचा आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. रुग्णालयाच्या खिडकीवर "अजून मेल आला नाही" असे संध्याकाळपर्यंत ऐकवत असतील तर हा नियम नम्रपणे पण मोठ्याने सांगावा.

दुसरी वाट म्हणजे आधी आपण भरायचे आणि मग मागायचे. यात डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, पैसे भरल्याच्या पावत्या, औषधांची बिले चिठ्ठ्यांसह, तपासण्यांचे अहवाल हे सारे घरी सोडल्यापासून ३० दिवसांत द्यायचे. मूळ कागद देण्यापूर्वी झेरॉक्स काढावी आणि दिल्याची पोच घ्यावी. वजनकाट्याची पावती आपण पाकिटात घालतो, घडी पडू देत नाही. तीच काळजी इथे. घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांतली त्याच दुखण्याची औषधे आणि तपासण्याही या पॉलिसीत मागता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि तो पैसा तसाच सोडून दिला जातो. मात्र पडलेल्या दाताच्या जागी नवा दात बसवण्याचा खर्च यातून निघेल ही आशा धरू नये. तिथे कंपन्या हात आखडता घेतात.

मंजूर झाला तरी आकडा कापून का येतो, हे तर सर्वांत मोठे रडगाणे. समजा एक लाखाची आरोग्य संजीवनी आहे. खोलीचे भाडे विमा रकमेच्या २ टक्के, म्हणजे दिवसाला २,००० रुपयांपर्यंतच मान्य. पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून आपण ३,००० ची खोली घेतली. तीन दिवसांचे भाडे ९,०००. डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, भूल वगैरे ४५,०००. औषधे, पट्टी आणि तपासण्या १२,०००. एकूण ६६,०००. सभासद म्हणतो, खोलीचे वरचे तीन हजार जातील, बाकी मिळेल. तसे होत नाही. खोली मर्यादेच्या दीडपट म्हटल्यावर डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात: ४५ चे ३० हजार. औषधे, शरीरात बसवलेले साहित्य आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, ते १२ हजार पूर्ण. भाड्याचे ६ हजार. झाले ४८,०००. त्यातून पाच टक्के आपला हिस्सा, २,४०० वजा. हाती ४५,६००. म्हणजे दिवसाला हजार रुपये वरचढ खोली घेतल्याने तीन हजार नव्हे तर एकंदर अठरा हजारांची कात्री बसली, आणि पाच टक्के धरून २०,४०० खिशातून गेले. पंख्याखाली झोपणाऱ्या माणसाला तीन दिवसांच्या एसीची ही किंमत!

याखेरीज वाट पाहण्याचा काळ असतो. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही नाही. आधीपासूनचे दुखणे असेल तर जास्तीत जास्त तीन वर्षे थांबवता येते. ही मर्यादा २०२४ पूर्वी चार वर्षांची होती. पॉलिसी सलग पाच वर्षे चालली की माहिती दडवली या सबबीवर कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणून फॉर्म भरताना साखरेचा आजार, रक्तदाब, तंबाखू, जे असेल ते स्वतःच्या तोंडाने सांगून लिहवून घ्यावे. एजंट सगळीकडे "नाही, नाही, नाही" अशी रेघ मारून मोकळा होतो. सही आपली असते.

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट दातांच्या पलीकडची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानपट्टीवर जाऊन बंदी शोधावी लागते हा भाग वेगळा. आपल्या घराघरांत मशेरी आहे, शेतात तंबाखूची पुडी आहे. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे याला लोक दाताचे दुखणे समजून महिनोन्महिने लवंग धरतात. तोंडाचा कर्करोग हा दंतोपचार नव्हे. त्याची शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या विम्यात येते आणि सरकारी योजनेतही येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला गाठावे. आपली पांढरी शिधापत्रिका म्हणून आपण यात नाही, अशी जुनी समजूत धरून बागायतदार सभासद अजून खासगीत पैसे मोजतात.

आता आमचे मत. संचालक मंडळाने सभासदांसाठी गट विमा घ्यावा काय, यावर गेल्या वार्षिक सभेपासून बोलणे चालू आहे. घ्यावा, असे आम्हाला वाटते. सहकारात हे नवे नाही. शेजारच्या कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी यशस्विनी योजना २००३ पासून चालली, २०१८ मध्ये बंद झाली आणि पुढे पुन्हा सुरू केली गेली. पण त्यात दातांच्या ओपीडीसाठी वेगळा हप्ता भरायला आमचा विरोध आहे. कारण सरळ आहे. विमा अशा गोष्टीचा करावा जी शंभरातल्या दोघांवर येते आणि आली तर घर बसते. दाढ शंभरातल्या नव्वदांची किडते. जी गोष्ट बहुतेकांची होणारच तिचा विमा म्हणजे आपलेच पैसे कंपनीकडे ठेवून, तिचा खर्च व नफा वजा करून, आपणच परत मागणे. अमेरिकेत दातांचा विमा वेगळा मिळतो, आपल्यातल्या काहींची मुले तिकडे आहेत त्यांना विचारावे. तिथेही बहुतेक योजनांत कंपनी वर्षाला हजार-दोन हजार डॉलरच्या वर देत नाही. तपासणी फुकट, दात भरायला बहुधा ऐंशी टक्के आणि कॅप बसवायला निम्मे. मोठा खर्च आला की माणूस पुन्हा स्वतःच्या खिशाशीच.

त्यापेक्षा तेच पैसे दुसरीकडे लावावेत. साखर कारखानदारीच्या परिसरातच दंत महाविद्यालये उभी आहेत. प्रवरानगरच्या कारखान्याशेजारी लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. वारणेच्या पट्ट्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचे दंत महाविद्यालय आहे. कराड, सांगलीतही आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी आहेत. अशा ठिकाणी शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो पण दर पेठेपेक्षा कमी. कारखान्याने जवळच्या एका महाविद्यालयाशी करार करून प्रत्येक गट ऑफिसला वर्षातून दोनदा तपासणी ठेवावी, एकदा हंगाम सुरू होण्याआधी आणि एकदा संपल्यावर. तोडणी कामगारांनाही त्यात घ्यावे. माती परीक्षणाला आपण गाडी पाठवतो, तशी ही गाडी.

ज्यांचा क्लेम नाकारला गेला आहे त्यांनी गप्प बसू नये. नकार लेखी मागावा, त्यात पॉलिसीचे कोणते कलम लावले ते लिहिलेले असलेच पाहिजे. २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. पुणे आणि मुंबई येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. प्राधिकरणाचा तक्रारीचा फोन १५५२५५.

चालू हप्त्यातून विम्याची कपात सुचवणारे संमतीपत्र कोणी पुढे केले, तर सही करण्यापूर्वी पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागून घ्यावा, माहितीपत्रक नव्हे. आणि तो घेऊन गट ऑफिसला यावे. 'काय वगळले आहे' ते पान आम्ही सोबत बसून वाचू. चष्मा आणायला विसरू नये, अक्षर फार बारीक असते.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग